आधी चव की आधी पैसे? लातूरला नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

जून लागला की आमच्या गल्लीत सामानाचे टेम्पो यायला लागतात. मुलाच्या अकरावी-बारावीसाठी दोन वर्षं भाड्यानं राहायला आलेली आई, बँकेत किंवा महावितरणात बदली होऊन आलेलं जोडपं, कॉलेजात नवीन लागलेले प्राध्यापक. कुणी कोकणातून, कुणी पुण्या-मुंबईहून, कुणी विदर्भातून. मीही अशीच आले होते, १९९८ साली रत्नागिरीहून, बँकेतल्या बदलीनं. तीन वर्षांचं ठरवून आले आणि इथलीच झाले.

नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, गॅस कुठून घ्यायचा, हे शेजारीपाजारी पहिल्याच दिवशी सांगतात. मी जे सांगणार आहे ते कुणी सांगत नाही, कारण इथल्या माणसांना ते अंगवळणी पडलेलं असतं. बाजारात पैसे देण्याआधी काय तोंडात टाकायचं आणि काय नाही, ते मला इथं चुकत चुकतच शिकावं लागलं.

पहिल्याच आठवड्यात मी गंजगोलाईत गेले. १९१७ साली बांधलेली ती गोल इमारत, मधे अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी फुटणारे सोळा रस्ते. पहिल्या दिवशी मी कोणत्या रस्त्यानं आत आले हेच विसरले. सकाळची वेळ होती. भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पुढे घेऊन एक मावशी बसल्या होत्या. मी भाव विचारला, एक शेंग फोडली. बोलता बोलता दुसरी, तिसरी. हात आपोआप जात होता. भाव काही जमला नाही, मी उठले. मावशी काहीच बोलल्या नाहीत. शेजारची भाजीवाली म्हणाली, "बाई, भवानी तरी करायची की ओ."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हा शब्द मला माहीत होता. पण मूठभर शेंगा खाऊन भवानीच्या वेळी रिकामं उठणं किती लागतं, ते तोवर कळलं नव्हतं. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले आणि त्या मावशींच्या पुढे दोन रुपये धरले, कालच्या शेंगांचे. त्यांचा चेहरा उतरला. "चवीचे पैसे घेत असतेत व्हय, माय?" म्हणाल्या आणि माझ्याच हातावर चार शेंगा ठेवल्या. मी किलोभर घेतल्या तेव्हा कुठे हसल्या. "कुठून आलाव?" हेही तेव्हाच विचारलं.

आदल्या दिवशी मी माझ्या हातानं घेतलं होतं. आज त्यांनी त्यांच्या हातानं दिलं. पुढच्या सगळ्या वर्षांत मला इथं दिसलेला फरक तो एवढाच आहे. विकणाऱ्यानं स्वतः उचलून हातावर ठेवलं, तर ती चव. तिचे पैसे विचारले तर माणूस दुखावतो. आपण ढिगात हात घातला, तर ते त्याच्या मापातून गेलं, मग ते एक बोर का असेना.

एका बोरानं काय होतं असं वाटत असेल तर हिशेब करून बघा. दिवसभरात पन्नास गिऱ्हाइकं आली, प्रत्येकानं चार बोरं उचलली, तर दोनशे बोरं झाली. एक बोर दहा ग्रॅमचं धरलं तरी दोन किलो. टोपली घेऊन एसटीनं आलेल्या बाईची टोपली असते केवढी? ती तुम्हाला तोंडावर नाही म्हणणार नाही, कारण इथं खाणाऱ्याचा हात धरत नाहीत. म्हणून हात आपणच आवरायचा. "मावशी, गोड आहेत का?" एवढं विचारा. त्या स्वतः एक निवडून देतील, आणि त्यांना ढीग ठाऊक असल्यानं ते तुम्ही उचललेल्यापेक्षा चांगलं निघेल. चव आवडली नाही तर तसं सांगून उठायला हरकत नाही. पण सकाळी भवानी व्हायची असेल तर चव मागूच नये, किंवा मागितली तर पावशेर तरी घ्यावं.

कलिंगडाची गोष्ट वेगळी. विक्रेता त्रिकोणी काप काढून दाखवतो आणि म्हणतो, लाल नाही निघालं तर घेऊ नका. म्हणजेच लाल निघालं तर घ्यायचं. कापलेलं फळ तो दुसऱ्याला पूर्ण भावानं विकू शकत नाही. तेव्हा घ्यायचं ठरलं असेल तरच कापायला सांगा. सीताफळाची चव बघता येत नाही, म्हणून लोक अंगठ्यानं दाबून बघतात, आणि ते खाण्याहून वाईट. चार जणांनी दाबलेलं फळ संध्याकाळपर्यंत काळं पडतं. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं येतात तेव्हा "आज खायला पाहिजे" की "दोन दिवसांनी" एवढंच सांगा, निवडून तेच देतात. केळी गाड्यावर डझनानं मिळतात, त्यामुळे लेकराला भूक लागली असेल तर आधी डझन मोजून घ्या आणि मग त्यातलं सोलून द्या, कुणाला वावगं वाटत नाही. द्राक्षं मात्र हातावर ठेवली तरी मी न धुता खात नाही. फवारणी असते. "घरी धुऊन खाते" म्हटलं की कुणी रागावत नाही.

किराणा दुकानात पद्धत आणखी जुनी आणि मला विचाराल तर फार शहाणी आहे. माझ्या दुकानदारांना सगळे आप्पा म्हणतात. गूळ मागितला की आप्पा ढेपीचा एक खडा काढून आधी हातावर ठेवतात. तो खाऊन बघायचाच असतो, कारण खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ किंचित खारट लागतो आणि डोळ्यांना ते कळत नाही. शेंगदाणे दोन चावायचे, खवट आहेत का ते कळतं. खोबऱ्याचंही तेच. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून बघायचा, कडक वाजला पाहिजे. धने तळहातावर चोळून वास घ्यायचा. मिरचीचा देठ मोडून नुसतं हुंगायचं. चिंच द्यायची तर आप्पा एक बोटूक स्वतः सोलून देतात. निलंग्याकडच्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि औसा तालुक्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीलाही. या तिन्ही गोष्टी इथल्या घरात रोजच्या आहेत, तेव्हा चाखून, हुंगून घ्यायला शिका.

पोत्यात मात्र हात घालू नका, ओला हात तर मुळीच नाही. आप्पांचं सुपडं असतं. सोबतच्या लेकराला फुटाणे किंवा गुळाचा खडा मिळेल, तो घेऊ द्या. आपल्याकडे शहरात "कुणाकडून काही घ्यायचं नाही" असं मुलांना शिकवलेलं असतं. इथं लेकरानं हात मागे घेतला की दुकानदाराला परकेपण टोचतं.

आता मोठी दुकानं. गेल्या काही वर्षांत लातुरातही ट्रॉली ढकलत फिरायची सुपरमार्केटं झाली आहेत, आणि नवीन आलेली मंडळी सोयीचं म्हणून तिथंच जातात. तिथं माझं ठाम मत आहे : पैसे दिल्याशिवाय काहीही तोंडात टाकू नये. गंजगोलाईतली सवय तिथं नेऊ नका. तिथं हातावर ठेवणारं कुणी नाही. मांडणीवरचा बदाम उचलला तर तो आपणच उचललेला असतो. एखादी ताई ट्रे घेऊन उभी असेल आणि स्वतः बिस्किट पुढे करत असेल तर ते जरूर घ्या, ती चव आहे.

माझ्या भाचीच्या लेकराचा प्रसंग सांगते. रांग लांब होती, पोर रडायला लागलं, तिनं बिस्किटाचा पुडा फोडून दिला. मनात पैसे द्यायचेच होते. काउंटरवर पोचेपर्यंत वेष्टन कुठंतरी पडलं. बाहेर पडताना दारावरच्या माणसानं मुलाच्या हातातलं बिस्किट आणि आमचं बिल बघितलं, आणि चार लोकांसमोर भाचीला उत्तरं द्यावी लागली. ती घरी येऊन रडली. तिची नियत स्वच्छ होती, पण ती दारावर उभ्या माणसाला कशी दिसणार? असं कधी झालंच तर त्याच मालाचा दुसरा पुडा काउंटरवर नेऊन त्यावर बिल करून घ्या आणि तो पुडा तिथंच ठेवा.

कायद्याचंही सांगते. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर माल देणं आणि किंमत देणं एकाच वेळी व्हायचं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे आणि तिथं अप्रामाणिक हेतू लागतो. म्हणजे रिकामं वेष्टन स्वतःहून काउंटरवर ठेवणारी बाई चोर ठरत नाही. पण तिथवर गोष्ट जाऊच कशाला द्यायची?

वजनावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंत तर सबबच नाही. द्राक्षाचा घड काट्यावर चढण्याआधी निम्मा खाल्ला तर खाल्लेल्याचं वजन कुणी करणार नाही. सहाच्या जोडातली एक ज्यूसची डबी काढून प्यायली तर तिचं वेगळं बिल होत नाही. शिवाय फोनवरून पैसे जायला कधी कधी अडतं, नेटवर्क नसतं, आणि फोडलेला पुडा परत ठेवता येत नाही. लेकरू लहान असेल, घरात कुणाला साखर कमी होण्याचा त्रास असेल, तर आत शिरल्याबरोबर एक पुडा घेऊन त्याचे पैसे आधी द्या आणि बिल हातात ठेवून मग बाकीची खरेदी करा. चक्कर आली तर मात्र कशाची वाट बघू नका. जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा आणि खा.

रमजानमध्ये खजुरांच्या गाड्या लागतात. विकणाऱ्याचा स्वतःचा रोजा असतो, तरी तो तुम्हाला खजूर हातावर ठेवतो. तो घ्या, पण "तुम्हीही घ्या की" असा आग्रह करू नका. संध्याकाळी गेलात तर सगळ्यांनाच बरं वाटतं.

पाण्याला मात्र कसलाच नियम नाही. दुकानाच्या दारातला माठ सगळ्यांचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं, तेव्हाही आप्पांच्या दारातला माठ भरलेला असायचा. त्या उन्हाळ्यात मी तिथं पाणी प्यायला कचरत होते. आप्पांनी स्वतः तांब्या भरून दिला.

आणि मार्गशीर्षात अमावास्या येईल, येळवस. त्या दिवशी लातूर ओस पडतं, अख्खं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं जेवण असतं. तुम्हाला कुणीतरी बोलावेल, ओळख आठच दिवसांची असली तरी. नक्की जा. तिथं हरभऱ्याचा डहाळा उपटून खाल्लात तरी मालक खूष होईल. निघताना पिशवीत डहाळे, वाटाणे, कोथिंबीर भरून देतील. तो वानोळा. त्याचा भाव विचारायचा नसतो आणि पिशवी रिकामीही परत करायची नसते. मी दरवर्षी जाते तेव्हा रत्नागिरीहून आणलेली कोकमं त्यात घालून देते.