ब्रूस्टर काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये काम असेल तर

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या २५४ काउंट्यांपैकी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांपैकी, क्षेत्रफळाने सर्वांत मोठी असलेल्या ब्रूस्टर काउंटीत जमीन घ्यायची असो वा करासंबंधी दाद मागायची असो, सुरुवात नकाशापासून करावी. सुमारे १६,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे जिल्ह्याहून थोडा मोठा असा हा मुलूख आहे. २०२० च्या जनगणनेत येथे अवघी ९,५४६ माणसे नोंदली गेली. काउंटी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि १८९७ मध्ये शेजारच्या ब्यूशेल व फॉली या काउंट्या तिच्यात विलीन झाल्या, म्हणून तिचा विस्तार इतका मोठा आहे. मुख्य ठिकाण असलेले अल्पाइन उत्तरेकडे आहे, तर रिओ ग्रांदे नदीजवळचे टर्लिंग्वा तेथून दक्षिणेला सुमारे १३० किलोमीटरवर आहे. त्यामुळे कोणते कागद लागतील आणि संबंधित अधिकारी त्या दिवशी जागेवर आहेत का, हे दूरध्वनीवर विचारल्याशिवाय निघू नये. टर्लिंग्वा किंवा मॅरेथॉन येथे नगरपालिका नाही, तेथील लोकांसाठी काउंटी हेच स्थानिक शासन आहे.

अल्पाइनमधील लाल विटांचे जुने कोर्टहाऊस १८८० च्या दशकाच्या अखेरीस बांधले गेले. येथे नावांनी गोंधळ होऊ देऊ नये. ‘कमिशनर्स कोर्ट’ हे मुख्यतः न्यायदानाचे नव्हे, तर काउंटीचा कारभार पाहणारे मंडळ आहे: काउंटी जज आणि चार विभागांतून निवडलेले चार कमिशनर अंदाजपत्रक, रस्ते आणि कराचा दर ठरवतात. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे कोणी वरून नेमलेले नसते; जज, शेरीफ (पोलीसप्रमुख), क्लार्क (दस्त नोंदवणारा अधिकारी), खजिनदार हे सारे मतदारांनी निवडलेले असतात, आणि म्हणून एका कार्यालयाची तक्रार दुसऱ्याकडे नेल्याने सहसा काही साधत नाही.

जमिनीच्या कामासाठी काउंटी क्लार्ककडे जावे. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावांच्या सूचीवरून मागची खरेदीखते एकेक करून शोधता येतात, आणि हा शोध चिकाटीने घ्यावा, कारण क्लार्क दस्त नोंदवतो, पण मालकी निर्विवाद असल्याची हमी देत नाही. दोन गोष्टी मी आवर्जून तपासायला सांगेन. पहिली, वाळवंटातील त्या तुकड्यापर्यंत जाण्याचा कायदेशीर हक्क नोंदलेला आहे का. चाकोरी दिसते म्हणून वाट आपली होत नाही. दुसरी, खनिजांचे हक्क जमिनीबरोबर मिळतात की पूर्वीच कोणी राखून ठेवले आहेत. टेक्सासमध्ये जमिनीचे आणि खनिजांचे हक्क वेगवेगळ्या मालकांकडे असू शकतात. क्लार्कचे कर्मचारी नोंदी दाखवतील, कायदेशीर सल्ला देऊ शकणार नाहीत. तो वकिलाकडूनच घ्यावा.

करासाठी मात्र वेगळे दार आहे. मालमत्तेचे मूल्य काउंटीचे मंडळ नव्हे, तर स्वतंत्र मूल्यांकन कार्यालय ठरवते. मूल्य अवाजवी वाटल्यास १५ मेपर्यंत किंवा नोटीस पाठवली गेल्यापासून ३० दिवसांत, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत, लेखी हरकत नोंदवावी. येथे भूगोल थेट खिशाशी जोडलेला आहे: ३,२०० चौरस किलोमीटरहून मोठे बिग बेंड राष्ट्रीय उद्यान जवळजवळ संपूर्णपणे याच काउंटीत आहे आणि केंद्र सरकारच्या या जमिनीवर मालमत्ता कर लागत नाही. त्याच्या बदल्यात केंद्राकडून काही रक्कम मिळते. कराचा प्रश्न नसेल, तर वीस हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे ‘जस्टिस ऑफ द पीस’ या स्थानिक न्यायाधीशाकडे दाखल करावेत.

रस्त्याविषयी किंवा अंदाजपत्रकाविषयी बोलायचे असल्यास कमिशनर्स कोर्टाच्या बैठकीला जावे. कार्यक्रमपत्रिका आधी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे आणि तिच्यावरील विषयावर निर्णयापूर्वी बोलण्याचा नागरिकांना हक्क आहे. पत्रिकेबाहेरच्या विषयावर त्या दिवशी निर्णय घेता येत नाही, म्हणून आपला विषय पुढील बैठकीत घ्यावा अशी विनंती आपल्या विभागाच्या कमिशनरकडे वेळेत करावी.