सहा सर्व्हर आणि एकच कॉन्फिग फाईल: माझा अनुभव
अंधेरीच्या ऑफिसात आमचे ६ एनजिनएक्स (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) सर्व्हर लोड बॅलन्सरमागे आहेत, म्हणजे येणारी प्रत्येक रिक्वेस्ट तो सहापैकी एकाकडे पाठवतो, आणि फोटो अपलोड करताना मधूनच ४१३ एरर (फाईल मर्यादेपेक्षा मोठी) यायची, परत ट्राय केलं की फोटो चढायचा. दोन दिवस ॲपचा कोडच चाळत बसलो. शेवटी सगळीकडच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलींचं चेकसम (मजकुरावरून निघणारा आकडा, मजकूर बदलला की बदलतो) काढलं तर चौथ्या सर्व्हरचं वेगळं, त्यात अपलोड साइझची ओळच नाही, म्हणजे डीफॉल्ट १ एमबी! हाताने बदल करताना तो एक राहून गेलेला.

आता फाईल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल), तिथून अन्सिबल (बऱ्याच सर्व्हरवर एकदम सेटिंग करणारं टूल) टेम्पलेटने सगळीकडे जाते. आधी अन्सिबलच्या चेक-डिफ मोडमध्ये, प्रत्यक्ष बदल न करता, काय बदलणार ते बघतो, सीरियल १ ठेवलंय म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर. टेम्पलेटच्या व्हॅलिडेट सेटिंगमध्ये (फाईल ठेवण्याआधीची तपासणी) एनजिनएक्सची कॉन्फिग टेस्ट नक्की टाका, चुकीची फाईल जागेवर जातच नाही.