मोडाच्या नाचणीने घट्ट पेज पातळ करण्याची रीत

पिठाची पेज शिजली की चमच्याला चिकटून बसते, आणि ती पातळ करावी म्हणून पाणी घालत गेले तर वाटीतले अन्न कमी होऊन पाणीच वाढते. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ हे काम पाण्यावाचून करते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते व ते पिष्टाच्या (स्टार्चच्या) लांब साखळ्या तोडून त्यांचे आखूड तुकडे करते. १८३३ साली फ्रान्समध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोडाच्या जवातून हेच विकर वेगळे काढून त्याला डायस्टेज हे नाव दिले होते.

नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी, सकाळी निथळून ओल्या फडक्यात सैल बांधावी आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडावे. दीड-दोन दिवसांत पांढरे मोड दिसू लागतात. वाळवण्याचे काम मात्र गोव्यात खरे जिकिरीचे आहे, कारण पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की नाचणी सुकण्याआधीच आंबूस वास धरते. असा वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर ती सरळ टाकून द्यावी. म्हणून हे काम मे महिन्याच्या उन्हात उरकावे. एका वर्षी घाईने मी ती तव्यावर खरपूस भाजली. पीठ सुवासिक झाले, पण पेज तसूभरही पातळ झाली नाही. विकर हे प्रथिन असल्याने तीव्र उष्णतेने त्याची घडी मोडते व ते निकामी होते. कडक उन्हात वाळवून, हातांनी चोळून मोड झाडावेत आणि मगच दळावे.

आता पेज. तांदळाचे किंवा नाचणीचे पीठ पाण्यात कालवून पूर्ण शिजवावे, कारण कच्च्या पिष्टाचे कण घट्ट बांधलेले असतात व शिजून फुगल्यावरच विकराचा त्यांत सहज शिरकाव होतो. पातेले उतरवून ते ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे. तापमापक नसेल तर फुंकर मारल्याशिवाय घोट घेता येत नाही, इतपत गरम असावे. मग वाटीभर पेजेला लहान चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळावे. पाच-दहा मिनिटांत चमच्यावरून ओघळणारी धार बारीक झालेली दिसते आणि किंचित गोडवाही येतो. मोडाच्या धान्यातील एक अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडते, म्हणून दाटपणा इतका चटकन उतरतो. दुसरे टोकाकडून माल्टोजचे, म्हणजे दोन ग्लुकोजच्या जोडीचे, तुकडे काढते, म्हणून गोडवा येतो. साखळीला जिथे फांदी फुटलेली असते तिथे मात्र दोघांचेही काही चालत नाही, आणि तिथले उरलेले तुकडे डेक्स्ट्रिन म्हणून शिल्लक राहतात. हवी तितकी पातळ झाली की एक उकळी द्यावी, म्हणजे विकराचे काम थांबते. तिजण, म्हणजे नाचणीची गोड पेज, करायचे असेल तर गूळ व नारळाचा रस त्यानंतर घालावा.

बदल डोळ्यांनी पाहायचा असेल, तर मोडाचे पीठ घालण्यापूर्वी थोडी आणि ते घातल्यावर, गूळ घालण्याआधी, थोडी पेज वेगवेगळ्या बश्यांत काढून पूर्ण थंड करावी व दोन्हींवर औषधाच्या दुकानातील आयोडीनचा थेंब टाकावा. गरम नमुन्यात निळा रंग उमटत नाही, त्यामुळे पेज बदलली असा चुकीचा समज होतो. मोडाचे पीठ घालण्यापूर्वीचा नमुना गडद निळा होईल, नंतरचा जांभळट किंवा तांबूस. हे नमुने खाऊ नयेत. दोन्ही सारखेच गडद निळे राहिले, तर पेज फार गरम होती, किंवा वाळवताना नाचणी भाजली गेली, असे समजावे.