डेटाबेसवर आधारित गोदाम व्यवस्थापन प्रणाली कशी उभारावी

संगणकाला हात लावण्यापूर्वी गोदामात एक पूर्ण दिवस थांबून मालाचा प्रवास कागदावर उतरवावा: तो कोठे उतरतो, कोण मोजतो, कोणत्या रॅकवर जातो आणि कोणाच्या परवानगीने बाहेर पडतो.

त्यानंतर मूळ तक्ते ठरवावेत. वस्तू, जागा आणि बॅच (एकाच वेळी तयार झालेल्या मालाचा गट) यांचे तक्ते स्वतंत्र असावेत, कारण एकच वस्तू अनेक कप्प्यांत आणि एकाच कप्प्यात अनेक वस्तू असू शकतात. प्रत्येक वस्तूचे मूळ एकक एकच ठेवावे आणि एका खोक्यात किती नग बसतात, हे रूपांतराच्या वेगळ्या तक्त्यात नोंदवावे. बारकोड मजकूर म्हणून साठवावा. संख्या म्हणून साठवल्यास सुरुवातीची शून्ये गळून पडतात.

खरी कसोटी साठ्याच्या नोंदीत लागते. वस्तूच्या तक्त्यात ‘शिल्लक’ असा रकाना ठेवून तोच आकडा कमीजास्त करत राहणे सोपे वाटते. परंतु आकडा चुकला की तो कधी आणि कोणामुळे चुकला, हे शोधायला काहीच उरत नाही. म्हणून रोजकीर्दीसारखा हालचालींचा तक्ता ठेवावा, ज्यात प्रत्येक आवक, जावक आणि स्थलांतराची वस्तू, बॅच, जागा, नग, वेळ, कारण आणि नोंद करणारी व्यक्ती यांसह स्वतंत्र ओळ असेल. ही ओळ कधीही खोडू नये. चूक झाल्यास उलट नोंद करावी. वेगासाठी शिल्लकेचा निराळा तक्ता जरूर ठेवावा, मात्र दोन्ही तक्ते एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सर्व बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही अशा व्यवहारात, बदलावेत, म्हणजे मध्येच वीज गेली तरी एक नोंद झाली आणि दुसरी राहिली, असे होणार नाही.

कप्प्यात 10 नग असताना दोन कर्मचाऱ्यांनी एकाच क्षणी प्रत्येकी 8 नग मागितले, तर दोघांनाही होकार मिळता कामा नये. त्यासाठी शिल्लकेची ओळ आधी लॉक करावी (काम संपेपर्यंत दुसऱ्याला ती बदलता येऊ नये), मग तपासावी आणि शेवटी घटवावी. शिवाय शिल्लक शून्याखाली जाऊ नये, हा निर्बंध डेटाबेसमध्येच घालावा. केवळ स्क्रीनवरील तपासणीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

नाशवंत मालासाठी बॅचची मुदत नोंदवून, जिची मुदत आधी संपते ती बॅच आधी सुचवणारी क्वेरी (डेटाबेसमधून माहिती मागवणारी आज्ञा) लिहावी. वस्तू, जागा आणि वेळ या रकान्यांवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घालावेत.

प्रत्यक्ष मोजणीची सोय पहिल्या आवृत्तीतच असावी: रोज थोडे कप्पे मोजावेत आणि तफावत आढळल्यास तीही कारणासह हालचालींच्या तक्त्यातच नोंदवावी.