सीझन मधेच थांबला तर टीम कशी टिकवायची

२०२० च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये कोविडमुळे क्लब रग्बी बंद झाली आणि खालच्या लीग्जचे टेबल उरलेल्या मॅचेस न खेळताच आकडेमोड करून ठरवले, छान खेळत असलेल्या पोरांना हे फार लागतं. म्हणून आधी एकेकाला फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही.

घरी भिंतीवर पासिंग, कच्च्या हाताने जास्त. फ्रंट रोवाल्यांनी (स्क्रमच्या पहिल्या ओळीतल्यांनी) मानेचा व्यायाम सोडूच नका, स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीम वाकून एकमेकांना ढकलतात तेव्हा, मानेवर खूप ताण येतो.

मैदान उघडलं की लगेच टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडणं) नको!! आधी टच रग्बी, म्हणजे पाडायचं नाही, नुसता हात लावायचा, मग गुडघ्यावर बसून टॅकल, टॅकल करणाऱ्याचं डोकं बॉलवाल्याच्या पुढे जात नाहीये ना ते नीट बघा, मग चालत, मग पळत, आणि पूर्ण स्क्रम सगळ्यात शेवटी.