फिरते जनुकीय घटक आणि कर्करोग : या चुका टाळा

कुडाळजवळच्या एका कर्करोग तपासणी शिबिरात, मिश्रीने हिरड्या काळवंडलेल्या एका आजींनी माझा हात धरून विचारले, "बाये, ह्या उडणारा जनुक माझ्या नातवाक लागतला काय?" चूक आजींची नव्हती; 'उडणारी जनुके' हा शब्द न उलगडता वापरणाऱ्या माझी होती. हे फिरते घटक म्हणजे डीएनएमध्ये एका जागेवरून दुसरीकडे जाणारे, किंवा आपली प्रत तेथे घालणारे तुकडे. उडी होते ती त्याच पेशीच्या डीएनएमध्ये, आणि त्यांपैकी एल-१ (लाइन-१) हा माणसातला घटक तर मूळ जागा सोडतही नाही. त्याची आरएनए प्रत तयार होते आणि तिच्यावरून बनलेला डीएनए दुसरीकडे घुसतो. गाठीच्या पेशीत झालेली अशी घुसखोरी नातवंडांकडे जात नाही.

माणसाच्या डीएनएचा जवळजवळ 45 टक्के भाग अशा घटकांपासून आला आहे हे वाचून विद्यार्थी घाबरतात, परंतु एल-१ च्या सुमारे 5 लाख प्रतींपैकी जेमतेम शंभरेक प्रतीच हलू शकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घटक सापडला की त्यालाच कारण ठरवणे. 1992 मध्ये आतड्याच्या कर्करोगात एपीसी या गाठ रोखणाऱ्या जनुकात शिरलेला एल-१ सापडला, तेथे जनुक मोडल्याचे स्पष्ट दिसत होते. एरवी बहुतेक घुसखोरी निरुपद्रवी जागी होते; शिवाय कर्करोगाच्या पेशीत या घटकांना गप्प ठेवणाऱ्या मिथाइल खुणा पुसट होतात, त्यामुळे त्यांची हालचाल हा अनेकदा रोगाचा परिणामच असतो. डोके-मानेच्या गाठींत ही हालचाल बरीच आढळते, म्हणून आपल्याकडच्या तंबाखू-मिश्रीचा दोष तिच्यावर ढकलणे मला अक्षम्य वाटते.

उलट, उडी नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नये. अलू हे एल-१ पेक्षा आखूड असे फिरते घटक; दोन सारख्या अलू घटकांची चुकीची जुळणी झाली की मधला तुकडा गळतो. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए-१ जनुकात असे घडले आहे, आणि हा दोष बीजपेशीत (अंड किंवा शुक्राणूत) असेल तर तो वारशाने मिळू शकतो.

विद्यार्थ्यांनो, प्रकल्पात गाठीचा डीएनए वाचताना घुसखोरी सापडली, तर त्याच रुग्णाच्या रक्ताचा नमुना तपासल्याशिवाय ती गाठीत नव्याने झाली असे लिहू नका, कारण ती जन्मजातही असू शकते. काहीच सापडले नाही, तर आधी वाचनाची लांबी, म्हणजे डीएनए किती अक्षरांच्या तुकड्यांत वाचला गेला, ते पाहा: दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत सहा हजार अक्षरांचा, लाखो ठिकाणी आढळणारा एल-१ नेमका कोठे बसला आहे हे अनेकदा ठरतच नाही. अशा वेळी लांब वाचन करावे, शेवटची 'ए' (A) अक्षरांची शेपटी व दोन्ही कडांना दुणावलेला छोटा क्रम शोधावा, आणि मगच पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या अनेक प्रती काढणाऱ्या चाचणीने) खात्री करावी.