‘हे तर कुणालाही सुचलं असतं’: स्लॅबच्या मशीनचं पेटंट करताना शिकलेलं

पेटंट ऑफिसचा पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, मी कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये उभ्या उभ्या वाचला. मजकूर साधारण असा होता: डी१ या जुन्या दस्तऐवजात व्हॅक्यूम पॅडने स्लॅब उचलायची सोय आहे, डी२ मध्ये काचेच्या शीट आडव्याच्या उभ्या करून प्रतवारीनुसार वेगळ्या ठेवायची सोय आहे, या क्षेत्रातल्या जाणकाराला दोन्ही एकत्र करणं सहज सुचलं असतं, म्हणून क्लेम (हक्काच्या मागण्या) १ ते १० मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे पेटंटला लागणारी कल्पकतेची पायरी, नाही. अडीच वर्षांच्या कामाला चार ओळींचं उत्तर आलं होतं. मला फार राग आला. तो राग निम्मा चुकीचा होता, हे समजायला पुढचे चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत मी जे शिकलो त्यावरच आज माझं पोट चालतं.

मी सांगलीतून मेकॅनिकल केलं, सहा वर्षं मशीन डिझाइनला काढली आणि मग पेटंटच्या कामाकडे वळलो. सांगली, कराड, साताऱ्याकडची मुलं विचारतात की या लाइनीत यायचं तर सुरुवात कुठून करू. कायद्याच्या पुस्तकापासून करायची नाही, एवढं मला नक्की वाटतं. का ते सांगायला आधी मशीनच सांगावं लागेल.

दगडाची स्लॅब पॉलिशिंग लाइनवरून ओली बाहेर येते. ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, २० मिलिमीटर जाड ग्रॅनाइट धरला तर वजन २९० किलोच्या आसपास भरतं. ती आडवी येते आणि ए आकाराच्या लोखंडी स्टँडवर उभी लावायची असते, तीही लॉटप्रमाणे: चांगला माल एकीकडे, चीर गेलेला दुसरीकडे. आमच्या लिफ्टरला, म्हणजे हवा ओढून स्लॅब चिकटवून उचलणाऱ्या यंत्राला, २०० मिलिमीटर व्यासाचे ८ पॅड होते. साठ टक्के व्हॅक्यूमला एक पॅड सरळ ओढीत १८०-१९० किलो धरतो, म्हणजे आठ पॅड दीड टन. मग तीनशे किलोच्या स्लॅबची भीती कशाला? पण स्लॅब उभी झाली की वजन पॅडच्या पाठीवर न येता त्याच्या तोंडावरून खाली घसरू बघतं. तिथं आधार फक्त घर्षणाचा, आणि पॉलिश केलेला दगड ओला. त्यात एखाद्या पॅडखाली चीर आली की हवा आत शिरते. अशी एक स्लॅब उचलताना अर्ध्यात तुटलेली मी पाहिली आहे. सुदैवाने खाली कुणी नव्हतं.

आमच्या फोरमन काकांची एक सवय होती. स्लॅब रोलरवरून बोटभर उचलली की ते लिफ्टर थांबवायचे, वाकून एकेका पॅडपाशी कान न्यायचे, आणि ज्या पॅडखालून फुसफुस ऐकू येईल तिथं खडूने गोल काढायचे. स्लॅब खाली ठेवल्यावर त्या गोलात पाणी मारून पुसलं की पाणी वाळताना केसाएवढी चीर काळी रेघ बनून दिसायची. डोळ्याला आधी दिसत नव्हती, कॅमेऱ्यालाही दिसत नव्हती. मी वर्षभर हे रोज पाहत होतो आणि त्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं.

आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये खडूचं नाव नव्हतं. होतं ते टिल्टिंग टेबल (आडवी स्लॅब उभी करणारं), स्टॉपर, रोलर, आठ पॅडची फ्रेम, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक). टिल्टिंग टेबलवर मी सगळ्यात जास्त रात्री जागलो होतो, म्हणून तेच क्लेम १ मध्ये सगळ्यात आधी आलं. जास्त मेहनत जिथं गेली तिथंच शोध असणार, हा समज नवीन माणसाच्या मनात घट्ट बसलेला असतो. पेटंट कायद्याला मेहनतीशी देणंघेणं नाही.

कायदा काय विचारतो ते थोडक्यात. पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या आहे. तिचे दोन भाग आहेत. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि शिवाय, ते त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ऑब्व्हियस, म्हणजे सहज सुचण्याजोगं, नसावं. बरीच मुलं पहिल्या भागावर थांबतात. ‘साहेब, यानं दोन मजूर वाचतात’ हे खरंच असतं, पण त्यानं दुसरा भाग पुरा होत नाही. मशीनवाल्यांनी कलम ३(एफ) पाठच करावं: माहीत असलेली साधनं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापलं काम जुन्याच पद्धतीने, एकमेकांवर अवलंबून न राहता करत राहिलं, तर तो शोधच धरला जात नाही.

या विषयावर आपल्याकडचा पायाचा निकाल भांड्यांच्या लेथवरचा आहे, आणि वर्कशॉपमधल्या माणसाला तो वाचताना परका वाटत नाही. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. मिर्झापूरच्या पितळी भांड्यांच्या धंद्यातला वाद. भांडं लेथवर घासताना उडून जायचं, ते धरून ठेवायच्या साधनावर पेटंट घेतलं होतं. न्यायालयानं म्हटलं की हे जुन्याच पद्धतीचं थोडं बदललेलं रूप आहे, वर्कशॉपमधली सुधारणा आहे, कुशल कारागिराच्या आवाक्याबाहेरचं त्यात काही नाही. पेटंट रद्द झालं. त्या निकालातली कसोटी मी मराठीत अशी लक्षात ठेवतो: अडचण समोर असलेल्या, पण तुमचा शोध माहीत नसलेल्या जाणकाराच्या हाती जुना कागद दिला, तर तो ‘मला हवं होतं ते हेच’ असं म्हणाला असता का?

या प्रश्नात ‘तुमचा शोध माहीत नसलेल्या’ हे शब्द फार मोलाचे आहेत. उत्तर हाती आल्यावर मागे वळून पाहिलं की प्रत्येक पायरी सोपी दिसते. परीक्षकासमोर तुमचा अर्ज उघडा असतो, तो वाचूनच तो जुने कागद शोधतो. त्यामुळे मागून शहाणपण येण्याचा धोका त्याच्या कामातच आहे, त्यात त्याचा आकस नसतो. त्याला शोध लागण्याच्या आधीच्या शेडमध्ये परत नेऊन उभं करणं हे आपलं काम.

मग मी डी१ आणि डी२ नीट वाचले. आधी नुसती चित्रं पाहून चिडलो होतो. डी२ मधलं टिल्टिंग टेबल आमच्यापेक्षा चांगलं होतं. शिवाय तेव्हाच ध्यानात आलं की आमच्याच फर्मच्या माहितीपत्रकात टेबलाचा फोटो अर्ज करण्याच्या आधी छापून वाटला गेला होता, म्हणजे डी२ नसतं तरी तो भाग गेलाच असता. अर्ज आधी, जाहिरात मागून, हा क्रम मालकाला समजावणं हेही पेटंटच्या माणसाचंच काम आहे.

डी१ मध्ये मात्र एक गोष्ट सापडली. त्यात प्रत्येक पॅडला प्रेशर सेन्सर होता, पण कशासाठी? व्हॅक्यूम ठरावीक आकड्याखाली गेला की भोंगा वाजवून मशीन थांबवायला. त्यांच्यासाठी गळती म्हणजे धोका. आमच्या मशीनमध्ये गळती ही माहिती होती: स्लॅब बोटभर उचलायची, प्रत्येक पॅडचा व्हॉल्व्ह दोन सेकंद बंद करायचा, कुठल्या पॅडमधला व्हॅक्यूम किती वेगाने उतरतो ते पाहायचं, त्यावरून चीर कुठल्या पॅडखाली आहे ते ओळखायचं आणि स्लॅब कुठल्या स्टँडवर जायची ते ठरवायचं. काकांचा खडूच तो. उचलणारा हातच तपासणारा हात झाला होता. दोन कामं शेजारी शेजारी राहिली नव्हती, एकात एक मिसळली होती. ३(एफ) ला उत्तर इथं होतं.

एवढ्यानं भागलं नसतं. परीक्षक म्हणू शकतो की सेन्सर आहेच, आकड्याची मर्यादा बदलली की झालं. इथं माझी वही कामाला आली. आम्ही आधी तेच केलं होतं. एक ठरावीक मर्यादा लावली. इलकलच्या लाल ग्रॅनाइटवर ती ठीक चालली. वालुकाश्म लावला तर दगडच सच्छिद्र, सगळेच पॅड गळाले आणि मशीनने सगळा माल दुय्यम ठरवला. लेदर फिनिशच्या खडबडीत पृष्ठभागावर पॅडच्या कडेतून हवा शिरली. मर्यादा सैल केली तर खऱ्या चिरा सुटायला लागल्या. पाच आठवडे हे चाललं. मग एके दिवशी वहीत नोंद आहे: ‘काका आवाज मोजत नाहीत. बाकीच्या पॅडपेक्षा वेगळा कुठला ते ऐकतात.’ त्या दिवसापासून आम्ही ठरावीक आकडा सोडला आणि एकाच स्लॅबवरच्या आठ पॅडची एकमेकांशी तुलना सुरू केली. दगड सच्छिद्र असेल तर आठही पॅड सारखेच गळतात. चीर असेल तिथलाच वेगळा पडतो. दगडाचा स्वभाव हिशोबातून आपोआप वजा होतो.

जाणकारानं साहजिक जे करून पाहिलं असतं ते आम्ही करून पाहिलं होतं, आणि ते फसलं होतं. तारखेसकट. वहीतल्या नोंदी शपथपत्राला जोडल्या, क्लेम १ मधून टिल्टिंग टेबलाची शोभा काढली आणि पॅडच्या तुलनेचा भाग गाभ्यात आणला. हे शक्य झालं कारण ती तुलना मूळ अर्जात क्लेम ९ म्हणून आधीच लिहिलेली होती. उत्तर देताना नवीन तांत्रिक मजकूर घुसवता येत नाही, कलम ५९ आडवं येतं. म्हणून ड्राफ्ट करताना आज क्षुल्लक वाटणारा तपशीलही लिहा. उत्तराला एफईआरच्या तारखेपासून ६ महिने मिळतात, अर्ज करून आणखी ३. आम्ही मुदतीत दिलं, व्हिडिओवर सुनावणी झाली, सुनावणी घेणाऱ्या कंट्रोलरने ‘तुलना’ या शब्दावर दोन नेमके प्रश्न विचारले, आणि आकसलेला क्लेम मान्य झाला. मूळ मागणीपेक्षा तो फार लहान आहे. पण जेवढा आहे तेवढा आमचा आहे.

सर्चबद्दल. आमचा सर्च तोकडा होता, आणि डी२ आम्हालाच आधी सापडायला हवं होतं. ‘स्टोन स्लॅब’ हे शब्द टाकून शोधलं की दगडच सापडतो. वर्गीकरणावरून, म्हणजे पेटंटांना विषयाप्रमाणे दिलेल्या आंतरराष्ट्रीय कोडवरून, शोधा. सक्शनने उचलायची साधनं बी६६सी १/०२ मध्ये, काचेसारख्या नाजूक शीट हाताळणं बी६५जी ४९/०६ मध्ये, गुणधर्मावरून प्रतवारी बी०७सी ५ मध्ये, दगडकाम बी२८डी मध्ये. एस्पासनेट (युरोपीय पेटंट ऑफिसचं) आणि आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास या शोधायच्या साइट फुकट आहेत. शेजारची क्षेत्रं सोडू नका. तासगावला बेदाण्याच्या कलर सॉर्टरवर कॅमेरा दाणा पाहतो आणि हवेचा फवारा खराब दाणा उडवतो. रंगावरून दगड निवडणारं मशीन केलंत तर परीक्षक तुमच्यापुढे धान्याचा किंवा बेदाण्याचा सॉर्टर ठेवू शकतो, आणि ‘तो तर खायचा माल आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. प्रतवारीची अडचण तीच असेल तर जाणकार तिकडे पाहीलच. दगडात तो उपाय का चालला नाही, हे सांगता आलं पाहिजे.

काकांबद्दल एक गोष्ट राहिली. प्रोव्हिजनल, म्हणजे पहिल्या तात्पुरत्या, अर्जात संशोधक म्हणून मालकांचं आणि माझं नाव होतं. बारा महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, लिहायला बसलो, वही उलटून पाहिली, आणि फक्त तेवढीच नावं ठेवणं मला शक्य झालं नाही. कल्पनेचं मूळ ज्याच्या डोक्यात, तो संशोधक. शिक्षण किती, पगार किती, हुद्दा कुठला, हे कायदा विचारत नाही. फॉर्म ५ मध्ये (संशोधक कोण याचं निवेदन) काकांचं नाव घातलं, फॉर्म १ (मूळ अर्ज) दुरुस्त केला, हक्क फर्मच्या नावे करून द्यायच्या कागदावर त्यांचीही सही घेतली. मालकांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. तुम्ही ज्या वर्कशॉपमध्ये जाल तिथं असा एक माणूस असेल. त्याच्याशी बोलल्याशिवाय ड्राफ्ट लिहायला घेऊ नका.

परीक्षेचं आता. पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने पेटंट ऑफिसपुढे काम चालवणारा नोंदणीकृत माणूस, व्हायला भारतीय नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातली पदवी लागते. दोन लेखी पेपर प्रत्येकी १०० गुणांचे, तोंडी ५०. प्रत्येक पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होतेच असं धरून नोकरी सोडू नका. डिप्लोमावाल्यांना परीक्षेला बसता येत नाही, पण सर्च आणि पेटंटची ड्रॉइंग यात त्यांचा हात अनेक पदवीधरांपेक्षा चांगला चालतो, आणि त्या कामाला पैसे मिळतात. कायद्याची पदवी नाही म्हणून घाबरू नका. मशीन पाहून ‘हे असं का केलं असेल’ असा प्रश्न पडत नसेल, तर मात्र ही लाइन अवघड जाईल.

सुरुवातीला मी नवीन मुलांना एकच अभ्यास देतो. बी६६सी १/०२ मधलं एक मंजूर पेटंट घ्या, फक्त पहिला क्लेम वाचा, चित्र न पाहता त्यावरून मशीनचं स्केच काढा. मग मूळ चित्राशी ताडून पाहा. स्केचमध्ये जे जास्तीचं आलं ते क्लेममध्ये नव्हतं, तुम्ही मनानं घातलं. नंतर त्याच पेटंटमध्ये जुन्या साधनांची कुठली अडचण सांगितली आहे ते शोधा आणि क्लेममधल्या कुठल्या शब्दाने ती सुटते तो शब्द अधोरेखित करा. तो शब्द सापडेपर्यंत दुसरं पेटंट उघडू नका. मला पहिला शब्द सापडायला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.